एकच गेट, तेही पंचवीस किलोमीटरमधलं : साखर खात्याला एका सभासदाचं खुलं पत्र

प्रति,
राज्याचं सहकार खातं, पुण्याचं साखर आयुक्तालय आणि दिल्लीचं अन्न मंत्रालय

साहेब, नमस्कार.

तिघांना एकच पत्र लिहितोय, कारण वेगवेगळं लिहिलं की प्रत्येकजण म्हणतो हे आमच्याकडं येत नाही, त्यांच्याकडं जा. आणि उघड्यावर लिहितोय कारण पाकिटातून पाठवलेल्याचं काय होतं ते मला माहितीय, आवक-जावकचा शिक्का मिळतो, बस.

मी मराठवाड्यातला, गोदावरीच्या पट्ट्यातला. सहा एकर रान, त्यात तीन एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि घरापुरती ज्वारी. कारखान्याचा शेअर आधी वडलांच्या नावावर होता, आता माझ्या. म्हणजे मी सभासद. म्हणजे कागदोपत्री कारखान्याचा मालकच. दिवाळीला सवलतीची साखर घ्यायला रांगेत उभं राहतो तेवढी मालकी.

लिहायचं कारण असं झालं की कारखान्याच्या वार्षिक सभेत मी उठून विचारलं, दोन कारखान्यांतल्या पंचवीस किलोमीटर अंतराची अट काढा असा ठराव आपण सरकारला का पाठवत नाही? व्यासपीठावरून उत्तर आलं, "तो विषय सरकारचा आहे, सभेचा नाही", आणि माईक पुढच्या माणसाकडं गेला. ठीक आहे म्हटलं, विषय सरकारचा असेल तर सरकारलाच विचारू.

आधी माझं सांगतो. २०२१-२२ चा हंगाम आठवत असेल तुम्हाला. राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, उत्तर प्रदेशाला मागं टाकलं, सगळीकडं अभिनंदनाच्या बातम्या. त्याच हंगामात माझा तीन एकर ऊस मे उजाडला तरी उभा होता. ऑक्टोबरची लागण, २६५ जात, डिसेंबर-जानेवारीत तुटायला पाहिजे. कारखान्याकडं उसाची नोंद वेळेवर दिलेली, पावती आजही कपाटात आहे. चिटबॉयला, म्हणजे नोंद आणि तोडीची पाळी बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, जानेवारीत विचारलं, म्हणाला पंधरा दिवस. फेब्रुवारीत विचारलं, पंधरा दिवस. मार्चमध्ये त्यानं फोन उचलायचं सोडलं. तोवर उसाला तुरे आले, पाला वाळून खडखडायला लागला, कांडं मोडून बघितलं तर आत दशी पडलेली, कापसासारखं पांढरं. आणि माझ्याच बांधाच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून भरून आलेले गेटकेनचे, म्हणजे सभासद नसलेल्यांच्या बाहेरच्या उसाचे ट्रक कारखान्याकडं जायचे, मी बांधावर उभा राहून मोजायचो. सभासदाचा ऊस थांबला तरी जातो कुठं, तो आपलाच, हा हिशोब. बाहेरचा ऊस आधी ओढायचा, नाहीतर तो दुसरीकडं जाईल.

हे वाक्य परत वाचा साहेब, सगळं त्यातच आहे. ज्याला दुसरीकडं जाता येतं त्याचा ऊस आधी तुटतो.

शेवटी मेच्या दुसऱ्या आठवड्यात टोळी आली. मुकादमानं एकरी पाच हजार खुशाली (मजुरीच्या वरचे पैसे) मागितली, वर म्हणाला पेटवून द्या, असल्या पाल्यात बाया-माणसं घुसणार नाहीत. त्याचंही खोटं नव्हतं, त्या उन्हात पत्र्याच्या कोपीत लेकरं ठेवून कोयता चालवायचा म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. पेटवला. मग कारखान्यानं जळीत म्हणून कपात केली. एरवी एकरी पंचेचाळीस टन पडणारा ऊस सत्तावीस पडला. तोडणी-वाहतूक कापून हातात टनाला दोन हजाराच्या आसपास आले, म्हणजे नुसत्या वजनात लाखभर रुपये माझ्या रानात उन्हानं वाळून गेले. त्याच महिन्यात बीड जिल्ह्यात एका शेतकऱ्यानं उभा ऊस पेटवून स्वतःचा जीव दिला, ते तुमच्याही फायलीत असेल. त्यापुढं माझा लाख काहीच नाही, म्हणून मी त्याबद्दल रडत नाही. मी विचारतोय की असं का झालं.

मोबाईलवर बोलणारे एकतर "सरकारनं सगळ्यातून हात काढावा" म्हणतात नाहीतर "बाजारावर सोडलं तर शेतकरी मरेल" म्हणतात. मला दोन्ही पटत नाहीत. नियम पाहिजेतच, पण आमच्याकडं झालंय असं की स्पर्धा अडवणारा नियम नकाशावर टोक ठेवून, किलोमीटर मोजून पाळला जातो, आणि माझं वजन, माझा भाव, माझे पैसे सांभाळणारा नियम कागदावर झोपलेला असतो. मुद्द्यागणिक सांगतो.

पहिला मुद्दा अंतराचा. १९९८ ला दिल्लीनं साखर उद्योगाचं लायसन्स काढून टाकलं, पण मागच्या दारानं अंतर ठेवलं. ऊस नियंत्रण आदेशात दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर, आणि राज्याला वाटलं तर केंद्राला विचारून वाढवता येतं. आपल्या राज्यानं ते २५ केलं. दहाच किलोमीटर वाढले असं वाटतं ना? माझ्या पुतण्यानं गणित मांडून दाखवलं. दोन कारखान्यांच्या मधोमध रेघ मारली तर १५ च्या हिशोबानं एका कारखान्याच्या वाट्याला साडेसात किलोमीटरचं वर्तुळ येतं, साधारण १७७ चौरस किलोमीटर. २५ च्या हिशोबानं ४९०. पावणेतीन पट मुलूख एकाच्या नावावर. आणि हे हवाई अंतर आहे, ऊस काही विमानानं जात नाही, नदीला वळसा घालून, फाट्यावरून फिरून पंचवीसचे सहज पस्तीस-चाळीस होतात. तेवढं डिझेल जाळून दुसऱ्या कारखान्याला ऊस न्यायचा तर वाहतूक शेवटी माझ्याच बिलातून कापली जाणार.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. कारखान्याला शेकडो कोटी लागतात, ऊस तुटला की दिवसभरात गाळावा लागतो नाहीतर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो, शेजारी शेजारी कारखाने झाले तर दोन्ही उपाशी मरतील, बँका बुडतील. यातलं पहिलं-दुसरं खरं आहे. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास पहिली साखर निघाली, त्या काळात शेतकऱ्याच्या लहान कारखान्याला आडोसा पाहिजे होता, मान्य. पण रोप जगावं म्हणून घातलेलं कुंपण झाड झाल्यावर काढायचं असतं. आणि आडोसा असून तरी काय झालं? या पंचवीस किलोमीटरच्या आत बसून कितीतरी सहकारी कारखाने तोट्यात गेले, लिलावात विकले गेले, भाड्यानं दिले गेले. शेजारी आला म्हणून बुडाले का ते? शेजारी तर तुम्ही येऊच दिला नव्हता.

अजून एक. नवीन कारखान्याला ऊस पुरणार नाही म्हणता, मग जुन्यांच्या विस्ताराला ऊस कुठून पुरतो? अडीच हजार टनाचा पाच हजार होतो, पाचचा दहा होतो, डिस्टिलरी लागते, वीज प्रकल्प लागतो, तिथं अंतर मोजणारा कुणी येत नाही. त्याच उसावर जुन्याची भूक वाढलेली चालते आणि नवीन पंगतीला बसायला आला की ताट कमी पडतं. नवख्याला ऊस नियंत्रण आदेशानं १ कोटीची बँक गॅरंटीही ठेवायला लावलीय. पुरे की तेवढी चाळणी. नाही चालला तर त्याचं तो बघेल. आम्ही पण सोयाबीन लावताना शेजाऱ्यापासून अंतर सोडत नाही.

अर्थतज्ज्ञ सी. रंगराजन यांच्या समितीनं २०१२ लाच सांगितलं होतं की ऊस राखीव क्षेत्र (कुठल्या भागातला ऊस कुठल्या कारखान्याला ते ठरवून देणं) आणि अंतर या दोन्ही अटी काढा. त्यातल्या लेव्ही साखर (सरकारला स्वस्तात द्यायचा हिस्सा), विक्रीचा कोटा या कारखान्याला जाचक गोष्टी २०१३ ला पटकन निघाल्या, अंतर मात्र राज्यांवर सोडून दिलं. म्हणजे समितीच्या ताटातलं गोड तेवढं उचललं. का, ते मी लिहीत नाही. कायदा करणाऱ्या सभागृहात किती जण कारखान्यांचे अध्यक्ष-संचालक आहेत ते मोजायला कुणालाही येतं.

दुसरा मुद्दा, बाहेर जायची बंदी. सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, ऊस कमी, तर राज्य सरकारनं आदेश काढला की ऊस राज्याबाहेर न्यायचा नाही. बोंब झाली, काही दिवसांत मागं घेतला, चांगलं केलं. पण काढताना कुणालाच कसं वाटलं नाही की हे उलटं आहे? ऊस जास्त झाला तेव्हा माझा ऊस उभा वाळला, तेव्हा तो वेळेवर गाळायला कारखान्याला कुणी भाग पाडलं नाही. आणि ऊस कमी झाला, म्हणजे आम्हाला चार पैसे जास्त मागायची एकदाची पाळी आली, की लगेच गेट बंद. टंचाईत पण आमचंच नुकसान आणि सुकाळात पण आमचंच, असा बाजार कुठं असतो?

माझी बहीण कोल्हापूरकडं शिरोळ तालुक्यात दिलीय. तिच्याकडं गेलो की मला हसू येतं, तिथं चिटबॉय घरी येऊन चहा पितो. खरंच. दोन-तीन कारखान्यांचे लोक बांधावर येतात, त्यात कर्नाटकातले पण, आणि दाजी सांगतात, अमुक तारखेला टोळी देणार असाल तर नोंद लिहा. तिथला उतारा जास्त आहे, पाणी जास्त आहे, संघटना जाग्या आहेत, सगळं श्रेय स्पर्धेला देत नाही मी. पण चिटबॉय फोन उचलतो याचं श्रेय नक्की देतो.

तिसरा, पैशांचा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या आदेशातला नियम. झकास नियम आहे. एवढ्या वर्षांत माझ्या खात्यावर व्याजाचा एक रुपया आलेला नाही, आणि गावात ज्याच्या खात्यावर आलाय असा माणूस मला भेटलेला नाही. पैसे थकले की पुण्यातून आरआरसी (थकबाकी महसुलासारखी वसूल करायचा आदेश) निघते, ती कलेक्टर कचेरीत जाते, तिथून तहसीलला, आणि तोवर आमचं सोसायटीचं कर्ज थकतं, सोसायटीचं व्याज मात्र दिवसावर चालू. त्यात फेब्रुवारी २०२२ ला तुम्हीच, म्हणजे राज्यानं, एफआरपीचे दोन हप्ते करायचा निर्णय काढला. तो कोर्टात गेला, मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं रद्द केला, तीन वर्षं गेली मध्ये. शेतकऱ्याचा नियम वाकवायला एक जीआर पुरतो आणि सरळ करायला हायकोर्ट लागतं.

चौथा, काटा आणि उतारा. यावर जास्त लिहीत नाही, गावागावात माहितीय. कारखान्याचाच काटा, कारखान्याचीच लॅब, कारखान्याचंच बिल. बाहेरच्या वजनकाट्यावर वजन करून आणलं की ड्रायव्हरच घाबरतो, म्हणतो गाडी उद्यापर्यंत यार्डात थांबवतील. मी एकदा केलं, दोन काट्यांत साडेचार क्विंटलचा फरक आला. कुणाचा काटा चुकला मला माहीत नाही, बाहेरचा पण चुकलेला असू शकतो. पण ते ठरवणारा तिसरा माणूस तिथं पाहिजे होता, तिथं सरकार पाहिजे होतं. जिथं पाहिजे तिथं नसतात आणि नको तिथं टेप घेऊन उभे.

पाचवा दिल्लीला. इथेनॉल करा म्हणून तुम्हीच सांगितलं, कर्जावर व्याज सवलत दिली, कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, चेअरमन लोकांनी भाषणं केली की आता ऊस म्हणजे पेट्रोल. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठवड्यानं १५ तारखेला थोडं उघडलं, १७ लाख टन साखरेपुरतं. निर्यातीचं तेच, जून २०२२ पासून परवानगीशिवाय साखर बाहेर नाही, कधी कोटा, कधी काहीच नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये केली आणि ती वर्षानुवर्षं तिथंच, एफआरपी मात्र क्विंटलला २७५ वरून २०२५-२६ ला ३५५ वर. एफआरपी वाढवली त्याबद्दल आभार (त्यातही आधाराचा उतारा १० चा सव्वादहा केलात, ते आम्हाला कळलं बरं का). पण कारखान्याचा विक्रीचा भाव तुम्ही बांधायचा, महिन्याला किती साखर विकायची तेही २०१८ पासून परत तुम्हीच सांगायचं, परदेशात पाठवायची का तेही तुम्ही, मग कारखाना पैसे थकवताना तुमच्याकडं बोट दाखवतो आणि मला गप्प बसावं लागतं, कारण बोट चुकीचं नसतं. शहरात साखर महाग होऊ नये म्हणून हे करता, कळतं मला, पण ती स्वस्ताई शेवटी कुणाच्या बिलातून निघते तेही कळतं.

आता कुणी म्हणेल, मग सगळं मोकळं करायचं का. दुधाचं बघा. आमच्या गावात तीन डेअऱ्यांच्या गाड्या येतात, कुठलं अंतर नाही, कुठली नोंद नाही, सकाळी एकीला घालायचं आणि संध्याकाळी दुसरीला. आणि तरी गाईच्या दुधाचा भाव २०२३-२४ ला पंचवीस-सत्तावीसवर आला, शेवटी सरकारला लिटरला पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. म्हणजे गाड्या तीन आल्या की भाव मिळतोच असं काही नाही, हे मला माहितीय. पण माझी गाय आटेपर्यंत गाडीची वाट बघत मी कधी बसलो नाही. फॅट कमी लावली की दुसऱ्या दिवशी कॅन दुसऱ्या गाडीत. एवढी सोय मला उसाला पाहिजे, फार नाही. उलटं पण बघितलंय आम्ही, कापसाची एकाधिकार खरेदी. १९७२ पासून तीस वर्षं सरकार हा एकच गिऱ्हाईक, आणि सीमेवरच्या गावातले लोक रात्री बैलगाड्या भरून आंध्रात कापूस नेऊन विकायचे, स्वतःच्या रानात पिकवलेला माल चोरासारखा. वडील त्या गोष्टी सांगायचे.

तर मागण्या. सरळ लिहितो, अभ्यास समिती नेमायची गरज पडू नये अशा.

अंतर २५ वरून १५ वर आणायचा आदेश याच वर्षी काढा. सगळीकडं जमत नसेल तर सुरुवात त्या तालुक्यांपासून करा जिथं एप्रिलनंतर ऊस उभा राहिला, ती यादी तुमच्याकडं आहे. आणि १५ पण कधी संपणार याची तारीख दिल्लीनं जाहीर करावी.

कारखान्यानं ठरलेल्या महिन्यात तोड दिली नाही आणि सभासदानं ऊस दुसरीकडं घातला, तर त्याला अक्रियाशील (नावापुरता सभासद) ठरवायचं नाही, त्याची साखर आणि पुढची नोंद बंद करायची नाही. हे लेखी पाहिजे. तोंडी खूप झालं.

बाहेरच्या प्रमाणित काट्याची पावती कारखान्यानं मान्य करावी, गाडी अडवली तर दंड. कारखान्याचा काटा ऑनलाईन जोडा, गाडी काट्यावर चढली की वजनाचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाईलवर. गॅसची टाकी बुक केली तर मेसेज येतो, वीस टन उसाचा का येत नाही?

१५ व्या दिवसापासूनचं व्याज आम्ही अर्ज न करता बिलात दिसलं पाहिजे. पुढच्या हंगामाचा गाळप परवाना देताना नुसती एफआरपी भरली का ते बघता, व्याज भरलं का तेही बघा.

ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी परत कधीच नको. इथेनॉल आणि निर्यातीचं जे काय ठरवायचं ते ऑक्टोबरच्या आधी ठरवा आणि मग हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका, बॉयलर पेटल्यावर नियम बदलायचे नाहीत.

यात कर्जमाफी मागितली नाही, अनुदान मागितलं नाही, तिजोरीवर यातल्या कशाचाही मोठा बोजा नाही. काही ठिकाणी तर तुमचं कामच कमी होतंय.

यंदा परत तीन एकर ऊस आहे, २६५ च. नोंद दिलीय. चिटबॉयला विचारलं, डिसेंबरात तुटेल ना, तो म्हणाला, "बघू काका." उत्तर द्यायचं असेल तर त्याच्या आत द्या साहेब, नंतर तुरे येतात.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
(कागदोपत्री मालक)